सुताचा रंग मापात : घरच्या घरी रंगाचे साठा-द्रावण



पोळा जवळ आला की आठवडी बाजारात गोंडे, कासरे, मोरक्या आणि घुंगरमाळांची दुकाने लागतात. पूर्वी यातल्या बऱ्याच गोष्टी घरोघर वळल्या जात. आता बाजारात नायलॉनचा माल जास्त दिसतो. तरीसुद्धा सुती गोंड्याला आणि सुती कासऱ्याला गिऱ्हाईक आहे, कारण सुती कासरा हाताला कापत नाही आणि जनावराच्या मानेला काचत नाही. काही गावांतल्या बचत गटांनी हे काम हाती घेतले आहे. सूत आणायचे, घरी रंगवायचे, गोंडे करून विकायचे. काम चांगले आहे, पावसाळ्याच्या रिकाम्या दिवसांत जमणारे आहे. अडचण येते ती रंगाची. एकदा जमलेला रंग दुसऱ्यांदा जमत नाही.

माझ्या कामाच्या भागातली गोष्ट सांगतो. एका गटातल्या बायकांनी हिरव्या गोंड्यांचा नमुना बाजारातल्या दुकानदाराला दाखवला. त्याला तो पसंत पडला, त्याने मोठी मागणी नोंदवली. गटाने चार वेळा भांडे चढवून सूत रंगवले आणि चार वेळा चार हिरवे निघाले. एक पोपटी, एक शेवाळी, बाकी दोन मधले. दुकानदाराने निम्मा माल परत केला. मी गेलो तेव्हा गटाच्या अध्यक्षा मावशी म्हणाल्या, "साहेब, पहिल्यासारखंच केलं हो सगळं. दोन चमचे पिवळा, एक चमचा निळा."

मी सोबत सोनाराच्या वजनकाट्यासारखा छोटा काटा नेला होता. त्याच चमच्याने त्याच डब्यातला निळा रंग तीनदा काढून तोलला. एकदा २ ग्रॅम भरला, एकदा अडीच, एकदा ३ ग्रॅमच्या वर. चमचा दाबून भरला की वजन वाढते, सैल भरला की घटते. शिवाय पिवळी भुकटी हलकी आणि निळी जड असली तर चमचा सारखा असूनही वजन सारखे नसते. त्यात सुतही अंदाजाने घेतलेले, एका वेळी पाच लडी तर दुसऱ्या वेळी सहा. मग रंग एक कसा येणार? मावशींची चूक नव्हती. खरे सांगायचे तर त्या गटाला पहिले प्रात्यक्षिक मीच दिले होते आणि चमच्याचे माप मीच सांगितले होते. सोपे पडावे म्हणून सांगितले, ते महागात पडले.

यावर उपाय जुना आहे. रंगारी लोक त्याला स्टॉक म्हणतात. आपण त्याला साठा-द्रावण म्हणू. कोरडी भुकटी दर वेळी चिमटीने किंवा चमच्याने न घालता एकदाच नीट तोलून पाण्यात विरघळवायची, बाटलीत भरून ठेवायची आणि पुढे मोजायचे ते पाणी. एक ग्रॅम भुकटी घरी बिनचूक तोलणे कठीण आहे, पण शंभर मिलिलिटर पाणी कुणीही मोजू शकतो.

एक टक्का म्हणजे काय?

द्राक्षाला किंवा डाळिंबाला बोर्डो मिश्रण मारणाऱ्याला हे वेगळे शिकवायला नको. एक टक्का बोर्डो म्हणजे १ किलो मोरचूद, १ किलो चुना आणि १०० लिटर पाणी. तोच हिशेब इथे छोट्या मापात करायचा. एक टक्का साठा-द्रावण म्हणजे १०० मिलिलिटर द्रावणात १ ग्रॅम रंग, १ लिटरमध्ये १० ग्रॅम. म्हणजे प्रत्येक मिलिलिटरमध्ये रंगाचा एक शतांश ग्रॅम आला. असा एक शतांश ग्रॅम भुकटी तोलायचा काटा आपल्याकडे नाही. पण १ मिलिलिटर मोजायची सिरिंज औषधाच्या दुकानात मिळते. या उपायाचा सगळा फायदा इथेच आहे.

बोर्डोची आणखी एक आठवण ठेवा. मोरचूद आणि चुना वेगवेगळे भिजवून शेवटी एकत्र करतात आणि ते मिश्रण त्याच दिवशी मारून संपवतात. आपल्या रंगातही चुन्याच्या जागी एक पदार्थ आहे. तो म्हणजे धुण्याचा सोडा. तो साठ्याच्या बाटलीत कधीही घालायचा नाही. का, ते पुढे येईल.

कोणता रंग घ्यावा

सुती धाग्यासाठी घरी वापरायला सोपा रंग म्हणजे रिॲक्टिव्ह रंग, त्यातही थंड पाण्यात बसणारा. दुकानदाराला 'कोल्ड ब्रँड रिॲक्टिव्ह' म्हटले की समजते. हे रंग १९५६ साली पहिल्यांदा विक्रीला आले. त्याआधीचे बरेच रंग धाग्याला नुसते चिकटून बसत. आपल्या करडईच्या पाकळ्यांचा कुसुंबी रंग तसाच, दिसायला देखणा, पण साबणाच्या पाण्यात उतरणारा. रिॲक्टिव्ह रंग सोड्याच्या मदतीने कापसाच्या धाग्याशी रासायनिक रीतीने जोडला जातो. नीट जोडला गेला की पावसाने उतरत नाही.

सूत खरोखर कापसाचे आहे ना, ते आधी पाहा. धाग्याचे टोक जाळून बघा. कापूस कागदासारखा जळतो, वासही कागदाचा येतो आणि मऊ राखाडी राख राहते. नायलॉन किंवा टेरिलीन वितळून त्याची कडक गोळी होते. अशा धाग्यावर हा रंग बसत नाही. लोकरीसाठी ॲसिड रंग घ्यावा लागतो. त्याला व्हिनेगर आणि उकळते पाणी लागते. त्याची रीत वेगळी, पण साठा-द्रावणाचा हिशेब हाच.

सुटी, नाव नसलेली, जत्रेत कागदाच्या पुडीत मिळणारी भुकटी घेऊ नका. बेन्झिडीनपासून बनणाऱ्या आणि तशाच काही इतर रंगांवर केंद्र सरकारने १९९० च्या दशकात बंदी घातली, कारण त्यांतून कर्करोग होऊ शकणारे पदार्थ सुटतात. पुडीत काय आहे हे कळायला आपल्याकडे साधन नाही. नाव, प्रकार आणि उत्पादकाचा पत्ता छापलेले पाकीट घ्यावे.

द्रावण कसे करावे

सामान थोडेच आहे. अर्धा ग्रॅमपर्यंत दाखवणारा छोटा काटा लागेल. गावात नसेल तर सोनाराकडे जाऊन रंग तोलून आणा, पण त्याच्या काट्याला भुकटी लागू देऊ नका, कागदाच्या पुडीसकट तोला आणि रिकाम्या पुडीचे वजन वजा करा. १ लिटरची खूण असलेले प्लास्टिकचे मापपात्र, १० मिलिलिटरची सुई नसलेली नवी सिरिंज, प्लास्टिकचा चमचा, झाकणाच्या बाटल्या आणि रबरी हातमोजे. कीटकनाशकाबरोबर येणारे माप वापरू नका. स्वयंपाकघरातले भांडेही नको. रंगाचे भांडे एकदा वेगळे काढले की ते कायमचे वेगळे. पुन्हा त्यात आमटी शिजवायची नाही.

रंगाची कोरडी भुकटी अत्यंत बारीक असते आणि उडते. रिॲक्टिव्ह रंगाची धूळ सतत नाकात गेल्याने दम्याचा विकार जडलेले कामगार आहेत. म्हणून पाकीट उघडताना पंखा बंद ठेवा, दार-खिडकीतून वारा येत असेल तर आडोशाला बसा, नाका-तोंडाला मास्क लावा आणि खाली ओले वर्तमानपत्र अंथरा म्हणजे सांडलेली भुकटी तिथेच बसेल. लेकरांना जवळ बसवू नका. साठा-द्रावणाचा हा दुसरा फायदा. पाकीट आठवड्यातून एकदाच उघडायचे, दर वेळी नाही.

आता १ लिटर, एक टक्क्याचे द्रावण करू. १० ग्रॅम रंग तोलून मापपात्रात टाका. त्यावर दोन-तीन चमचे साधे पाणी घालून बेसन कालवतो तसे कालवा. एकदम भरपूर पाणी ओतले की गुठळ्या होतात आणि त्या नंतर फुटत नाहीत. गुठळी सुतावर बसली की तिथे गडद ठिपका. पेस्ट मऊसर झाली की अंगाला सोसेल एवढे कोमट पाणी थोडे थोडे घालत ढवळा. उकळते पाणी घालू नका, थंड जातीचा हा रंग गरम पाण्यात खराब होतो. सगळे विरघळले, तळाशी कण दिसत नाहीत, असे झाले की पात्रातले द्रावण १ लिटरच्या खुणेपर्यंत साध्या पाण्याने भरा. इथे एक गोष्ट लक्षात ठेवा. १ लिटर पाणी मोजून त्यात रंग टाकायचा नाही, तर रंगासकट सगळे मिळून १ लिटर करायचे. दहा ग्रॅमला फरक थोडाच पडतो. पण पुढे कधी जास्त तीव्र द्रावण केले की हा फरक वाढतो, म्हणून सवय पहिल्यापासून लावावी. शेवटी पातळ मलमलीतून गाळून बाटलीत भरा.

पाण्याबद्दल. आपल्या बऱ्याच गावांत बोअरचे पाणी जड असते. साबणाला फेस येत नाही, भांड्याला पांढरा थर धरतो. अशा पाण्यात रंग मंद येतो, कधी कधी साका होऊन तळाशी बसतो. पन्हाळीखाली धरलेले पावसाचे स्वच्छ पाणी यासाठी उत्तम. ते नसेल तर जड पाणी उकळून, रात्रभर निवळून, वरचे घ्या. पोळ्याचे काम श्रावणात असते, तेव्हा पावसाच्या पाण्याची सोय निसर्गानेच केलेली असते.

काही ठिकाणी सांगतात की रंग विरघळायला युरिया घाला. रंगाच्या कारखान्यात दाट द्रावणाला युरिया वापरतात हे खरे. पण एक टक्क्याच्या द्रावणाला त्याची गरज नाही. आणि घरातला खताचा युरिया तर नकोच. २०१५ पासून आपला खताचा युरिया कडुनिंबाच्या तेलाचे आवरण दिलेला येतो, ते तेल रंगात कशाला? शिवाय तो अनुदानाचा माल शेतीसाठी आहे, दुसरीकडे वापरणे नियमात बसत नाही.

बाटलीवर चिठ्ठी

प्रत्येक बाटलीवर चिठ्ठी चिकटवा. रंगाचे नाव आणि पाकिटावरचा क्रमांक, किती टक्के, कोणत्या तारखेला केले. आणि मोठ्या अक्षरात 'पिऊ नये'. एका घरी मी लाल साठा-द्रावण थंड पेयाच्या बाटलीत भरून फडताळात ठेवलेले पाहिले. शेजारी खरे सरबत. घरात चार वर्षांचा नातू. मी काही न बोलता बाटली उचलून बाहेर नेली, मग बोललो. थंड पेयाच्या बाटल्या यासाठी वापरूच नका. औषध मारून रिकामा झालेला डबासुद्धा नको, तो धुऊनही स्वच्छ होत नाही. रंगाच्या बाटल्या कुलुपाच्या पेटीत किंवा उंच जागी ठेवा.

साठा किती दिवस टिकतो

याबाबतीत मी स्वतः फसलो आहे. नोकरीला लागल्यावर दुसऱ्या वर्षी हौसेने घरच्या बैलांसाठी लाल गोंडे आणि गळ्यातले सुती पट्टे केले. साठा-द्रावण तीन आठवड्यांपूर्वीचे होते. बाटलीत रंग अगदी पहिल्यासारखा लालभडक दिसत होता. सुतावरही छान चढला. मी एक-दोनदा थंड पाण्यातून काढून वाळत घातले. पोळ्याच्या दिवशी मिरवणूक वेशीपाशी आली आणि पाऊस आला. आमची पांढरीशुभ्र खिलार जोडी, त्यांच्या मानेवरून लाल ओघळ पार पुढच्या पायांपर्यंत. आमचे दादा सगळ्यांसमोर म्हणाले, "काय रे, बैल निवडणूक जिंकून आले का?" तो डाग निघायला पंधरा दिवस लागले आणि ते वाक्य गावातून अजून निघालेले नाही.

काय झाले होते? रिॲक्टिव्ह रंग धाग्याशी जसा जोडला जातो तसाच तो पाण्याशीही हळूहळू जोडला जातो. पाण्याशी जोडला गेलेला रंग मग धाग्याशी जोडला जात नाही. तो दिसायला तोच असतो, पण कामाचा नसतो. सुतावर नुसता बसतो आणि पहिल्या पावसाला उतरतो. म्हणून बाटलीतला रंग डोळ्यांनी पाहून ताजा की शिळा हे ठरवू नका, चिठ्ठीवरची तारीख पाहा. थंड जागी ठेवलेले साठा-द्रावण पाच-सहा दिवसांत संपवावे. उन्हाळ्यात दोन-तीन दिवसांत. मडक्यात ओली वाळू घालून तिच्यात बाटली पुरून ठेवली तर बरे. घरच्या फ्रीजमध्ये दुधाशेजारी ठेवू नये. कोरडी भुकटी मात्र घट्ट झाकणाच्या डब्यात, ओल न लागता, पुष्कळ महिने टिकते. तेव्हा साठा लागेल तेवढाच करावा.

सोड्यामुळे रंग जोडला जाण्याचे काम झपाट्याने होते, धाग्याशीही आणि पाण्याशीही. साठ्याच्या बाटलीत सोडा घातला तर तिथे धागा नाहीच, सगळा रंग पाण्याशी जोडून काही तासांत बाद होतो. म्हणून सोडा अगदी शेवटी आणि फक्त रंगाच्या भांड्यात.

हिशेब

रंगाची छटा नेहमी कोरड्या सुताच्या वजनावर ठरवतात. दोन टक्के छटा म्हणजे १०० ग्रॅम सुताला २ ग्रॅम रंग. फिकटाला अर्धा टक्का पुरतो, मध्यमाला दोन, गडदाला चार आणि काळ्याला त्याहूनही जास्त.

साठा किती घ्यायचा ते असे काढा. सुताचे ग्रॅम गुणिले छटेचे टक्के, भागिले साठ्याचे टक्के. उत्तर मिलिलिटरमध्ये येते. सूत ५०० ग्रॅम, छटा दोन टक्के, साठा एक टक्का. ५०० गुणिले २ म्हणजे १०००, भागिले १. एक लिटर साठा लागेल. तेच सूत अर्धा टक्का फिकट हवे असेल तर २५० मिलिलिटर. साठा दोन टक्क्यांचा असेल तर दोन टक्के छटेला ५०० मिलिलिटर. ज्यांना हिशेबाचा कंटाळा असेल त्यांनी एवढेच ध्यानात ठेवावे की एक टक्का साठ्याला भागाकार करावाच लागत नाही. म्हणून मी सगळ्यांना एक टक्काच सांगतो. काळ्यासारख्या गडद रंगाला फार साठा लागतो, तिथे भुकटी सरळ तोलून त्याच दिवशी विरघळवलेली बरी.

आता मावशींच्या हिरव्याकडे येऊ. पिवळ्याचा एक आणि निळ्याचा एक असे दोन एक टक्क्याचे साठे केले. १० ग्रॅम सुताच्या लहान लहान लडी केल्या. दोन टक्के छटेला एका लडीला एकूण २० मिलिलिटर साठा. काचेच्या चार बरण्या घेऊन पहिलीत १८ पिवळा व २ निळा, दुसरीत १६ व ४, तिसरीत १४ व ६, चौथीत १२ व ८, असे सिरिंजने मोजून घातले. प्रत्येक बरणीत पाणी, मीठ, सोडा त्याच प्रमाणात. चार लडी वाळल्यावर दुकानदाराच्या नमुन्याशेजारी धरल्या. तिसरी जुळली. मग ५०० ग्रॅम सूत म्हणजे ५० पट. १४ गुणिले ५० म्हणजे ७०० मिलिलिटर पिवळा, ६ गुणिले ५० म्हणजे ३०० मिलिलिटर निळा. पुढच्या सगळ्या भांड्यांना हेच माप. त्यांनी रंगवलेला पुढचा माल एकसारखा निघाला.

नमुना ओला असताना जुळवू नका. ओले सूत नेहमी गडद दिसते. आणि जुळवताना उन्हाच्या उजेडात, सावलीत उभे राहून पाहा. ट्यूबच्या उजेडात हिरवा फसवतो.

एक वही घाला. पानावर लडीचा तुकडा शिवायचा आणि शेजारी लिहायचे, सूत किती, कोणता साठा किती मिलिलिटर, मीठ, सोडा, वेळ, पाणी कुठले, तारीख. नवे पाकीट आणले की क्रमांक तोच असला तरी एकदा १० ग्रॅमचा नमुना काढून वहीतल्या तुकड्याशी जुळवावा.

भांड्यातले काम

रंगवण्याआधी सूत उकळून घेणे टाळू नका. कच्च्या सुतावर कापसाचे नैसर्गिक मेण असते, कधी खळही असते. लडीला तीन-चार ठिकाणी सैल गाठी मारा म्हणजे गुंता होणार नाही. गाठ घट्ट मारली तर तिथे पांढरा पट्टा राहील. धुण्याचा सोडा आणि थोडा साबण घातलेल्या पाण्यात तासभर उकळा, खळखळून धुवा. पाण्याचा थेंब टाकल्याबरोबर सूत पिऊ लागले की झाले.

५०० ग्रॅम सुताला एकूण १० लिटर पाणी धरा. साठा हा त्या दहा लिटरमध्येच मोजायचा. १ लिटर साठा आणि ९ लिटर पाणी. हे पुष्कळजण विसरतात, साठा वरून घालतात आणि मग मीठ-सोड्याचे प्रमाण चुकते. भांडे स्टीलचे किंवा प्लास्टिकचे, ॲल्युमिनियमचे नको, सोडा त्याला खातो. साठा पाण्यात मिसळल्यावर ओले सूत सोडा आणि हलवत राहा. मध्यम छटेला लिटरला ५० ग्रॅम, म्हणजे एकूण अर्धा किलो साधे बारीक मीठ लागते. ते थोड्या पाण्यात विरघळवून तीन हप्त्यांत, पहिल्या अर्ध्या तासात घाला. दर वेळी सूत बाजूला करून घाला, वर ओतू नका. जनावरांना चाटायला ठेवतो ते खडेमीठ नको, त्यात माती आणि इतर क्षार असतात. मीठ रंगाला पाण्यातून धाग्याकडे ढकलते. एवढेच त्याचे काम.

मग सोडा, लिटरला १० ग्रॅम, एकूण १०० ग्रॅम. खाण्याचा सोडा नव्हे, धुण्याचा. त्यातही पाहा. पांढरी कोरडी भुकटी असेल तर १०० ग्रॅम. काचेसारखे खडे असतील तर त्यात निम्म्याहून जास्त वजन पाण्याचेच असते, तेव्हा २७० ग्रॅम घ्यावे लागतील. तोही कोमट पाण्यात विरघळवून, सूत बाजूला सारून. त्यानंतर एक तास, पहिली पंधरा मिनिटे सतत आणि पुढे अधूनमधून हलवा. पाणी साधारण ३० अंश असावे, म्हणजे बोटाला ना गार ना गरम. श्रावणात थंडी पडली असेल तर भांडे आतल्या खोलीत ठेवा.

तासानंतर सूत काढून थंड पाण्यातून दोनदा काढा, मग साबण घालून पंधरा मिनिटे चक्क उकळा. जो रंग जोडला गेला नाही तो इथे निघून जातो. मी त्या वर्षी नेमकी हीच पायरी गाळली होती. पाणी स्वच्छ येईपर्यंत धुवा. शेवटी ओल्या पांढऱ्या फडक्यात लड पिळून पाहा. फडक्याला रंग लागला तर पुन्हा साबणात उकळा. वाळवावे सावलीत.

वेसण मात्र रंगवू नका. ती नाकातून जाते, ओली राहते, जनावर ती चाटते. कासरा बैल चघळण्याची खोड असेल तर त्यालाही बिनरंगाचाच ठेवा.

उरलेल्या पाण्याचे काय

एका भांड्यामागे अर्धा किलो मीठ आणि शंभर ग्रॅम सोडा पाण्यात जातो. हे पाणी परसातल्या झाडांना घालू नका. चोपण जमिनीचा त्रास ज्यांनी भोगला आहे त्यांना सोडियम जमिनीचे काय करते ते सांगायला नको. विहिरीजवळ, ओढ्यात, गुरांच्या हौदाजवळ तर अजिबात नको. विहिरीपासून आणि उतारापासून दूर, पडीक जागी उथळ खड्डा करून त्यात सोडा आणि उन्हात वाळू द्या. खड्ड्याला काटेरी कुंपण घाला, गुरे खारट पाण्याकडे धावतात. गटाचे काम वाढून रोज पाच-सहा भांडी चढू लागली तर हा खड्डा पुरणार नाही. तेव्हा सांडपाणी शुद्ध करणाऱ्या रंगशाळेतून सूत रंगवून घेणे बरे, आपण गोंडे करावेत.

आठवड्याच्या शेवटी बाटल्यांत थोडा थोडा साठा उरतोच. तो फेकू नका. पिवळा, लाल, निळा सगळे एका भांड्यात ओता, तपकिरी-खाकी रंग होतो. पाच-सहा दिवसांच्या आतला असेल तर त्यात मीठ-सोडा घालून रोजच्या दाव्यांचे सूत रंगवा. दाव्याला छटा जुळवावी लागत नाही आणि शेणामातीत तो रंग मळकाही दिसत नाही.